थर्मामीटर जरा खाली आणा
(कृषिमंत्र्यांना एका स्ट्रॉबेरी उत्पादकाचे खुले पत्र)

माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,


डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो ठरलेला असतो. बोटींच्या धक्क्यावर पांढरा थर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर, लिंगमळ्याकडच्या गवतावरही तोच. पर्यटक खूश होतात, हॉटेलवाले खूश होतात आणि बातमीच्या शेवटच्या ओळीत हवामान खात्याचा आकडा असतो : महाबळेश्वरचे किमान तापमान आठ अंश, कधी नऊ. नऊ अंशांना दव गोठते कसे, हा प्रश्न पर्यटकाला पडायचे कारण नाही. आम्हा स्ट्रॉबेरीवाल्यांना तो दरवर्षी पडतो, कारण आमच्या पिकाचा विमा अशाच आकड्यांवर चालतो.

खात्याचा तापमापक चुकत नाही, हे आधी सांगतो. तो नियमाप्रमाणे जमिनीपासून चार-सहा फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो आणि तिथली हवा खरोखरच आठ अंशांची असते. पण आकाश निरभ्र असले आणि वारा पडला की जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहते आणि तिच्या लगतची वीतभर हवा सर्वांत जास्त गार होते. थंड हवा जड असते. ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगटात साचते. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याचा परिसर ही अशीच साचण्याची ठिकाणे. त्यामुळे वरच्या पेटीत आठ अंश आणि खाली गवताच्या पात्यावर शून्य, हे एकाच पहाटे, एकाच शिवारात होते.

स्ट्रॉबेरीचे झाड वीतभर उंचीचे. त्याची फुले पेटीच्या उंचीवर येत नाहीत, ती गादीवाफ्याला टेकून येतात. उमललेल्या फुलाचे तापमान शून्याखाली एक अंश गेले की ते मरते. घट्ट मिटलेली कळी त्याहून चार अंश खालीही तग धरते. मेलेले फूल लांबून ओळखू येत नाही. पाकळ्या पांढऱ्याशुभ्रच राहतात, फक्त मधला पिवळा भाग काळा पडतो. सकाळी तोडणीला आलेल्या बायका वाकून बघतात आणि सांगतात की एवढी फुले गेली. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण महिना लागतो. म्हणजे पहाटेच्या दोन तासांत झालेले नुकसान महिन्याभराने, ट्रे भरेनासे झाले की हिशेबात दिसते. तोवर हिमकणांचे फोटो लोक विसरलेले असतात आणि पंचनामा कशाचा करायचा हेही कुणाला कळत नाही.

महोदय, या पत्रात मी कर्जमाफी मागत नाही, अनुदानही मागत नाही. माझी तक्रार मोजण्याबद्दल आहे. पिकाला जे हवामान लागते ते एका ठिकाणी, आणि शासन हवामान मोजते दुसऱ्या ठिकाणी. स्ट्रॉबेरीइतके नाजूक पीक असले की या दोन जागांमधले अंतर फार महाग पडते.

आपल्या मंत्रालयात फाइलवर 'महाबळेश्वर तालुका' असे एकच नाव असते. प्रत्यक्षात ते एक हवामान नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर. वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे. वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत तो निम्म्याहूनही कमी. पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की हजाराच्या आत. महाबळेश्वर तालुक्याच्याच दुसऱ्या अंगाला तापोळा, कोयनेच्या शिवसागराच्या काठी, वरच्या गावांपेक्षा निम्म्या उंचीवर. देशातली सुमारे ८५ टक्के स्ट्रॉबेरी या महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात होते असे सांगितले जाते, २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. ते मानांकन ज्या मातीला आणि हवेला मिळाले ती हवा दर दोन-तीन किलोमीटरला बदलते. आम्ही शेतकरी आजवर त्या बदलाच्याच जोरावर जगत आलो.

आमचा हंगामच बघा. मातृरोपे जून-जुलैत विमानाने परदेशातून येतात. आम्ही त्यांना मदर प्लांट म्हणतो. ती वर महाबळेश्वरात लावली तर पावसात कुजून जातील, म्हणून त्यांच्या रोपवाटिका पर्जन्यछायेत, वाईच्या बाजूला करायच्या. तिथे त्यांना रनर, म्हणजे धावत्या फांद्या, फुटतात आणि एका मातृरोपाची पंधरा-वीस रोपे होतात, कधी जास्तही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की ती रोपे घाट चढून वर येतात. गादीवाफे, मल्चिंग पेपर, ठिबक, लागण. दोनेक महिन्यांत पहिली फळे. मग नाताळ, नववर्ष, सहलींचा हंगाम आणि उन्हाळी सुट्टीपर्यंत तोडणी. एकाच पिकाला आयुष्यात दोन हवामाने दाखवायची, तीही घाटाच्या एका चढात, ही सोय देशात फारच थोड्या ठिकाणी आहे.

ही घडी एका जागी विस्कटली की पुढे सगळीकडे विस्कटते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. दरडी कोसळल्या, रस्ते गेले, शेतांचे बांध आणि वरची माती वाहून गेली. त्याच वर्षी १ आणि २ डिसेंबरला, ऐन फळावर, अवकाळी आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये परतीचा पाऊस हलायलाच तयार नव्हता, लागणी लांबल्या. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोहोचला, म्हणजे उन्हाळ्याचे शेवटचे तोडे बुडाले. लागण पंधरा दिवसांनी लांबली तर कागदावर पंधरा दिवसच लांबलेली असते. बाजारात मात्र नाताळ निघून गेलेला असतो, आणि हंगामातला चांगला भाव त्या दोन आठवड्यांतच असतो.

आता डिसेंबरच्या त्या पावसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पत्राचा गाभा तिथे आहे.

अवकाळी पाऊस म्हटले की आपले अधिकारी विचारतात, किती मिलिमीटर? प्रश्न सोपा आहे आणि उत्तरही यंत्र देते. पण स्ट्रॉबेरीच्या बाबतीत हा प्रश्नच अपुरा आहे. चाळीस मिलिमीटर पाऊस दोन तासांत कोसळून गेला, मागून ऊन पडले, वारा सुटला आणि संध्याकाळपर्यंत पान सुकले, तर पिकलेली फळे जातात, बाकीचा माल वाचतो. उलट पाच मिलिमीटरची भुरभुर झाली आणि पुढचे दोन दिवस धुके आणि ढग राहिले, तर पान, फूल, फळ सतत ओले राहते. पंधरा ते बावीस अंश तापमान आणि लांबलेला ओलावा, एवढेच त्या राखाडी बुरशीला हवे असते. ती फुलातच शिरते, आत गप्प बसते आणि फळ पिकायला लागले की वर येते. तोडलेला ट्रे सकाळी स्वच्छ दिसतो. मुंबईला पोहोचेपर्यंत एका फळावर राखाडी केस उगवलेले असतात आणि पुढच्या दिवशी शेजारच्या चार फळांवर. व्यापारी फोन करून सांगतो, माल उतरला. हवा जरा उबदार असली तर करपा, तो पावसाच्या थेंबाच्या उडण्याबरोबर झाडावरून झाडावर जातो. यांतला कुठलाच रोग मिलिमीटर मोजत नाही. पान किती तास ओले राहिले, एवढाच त्याचा हिशेब.

त्यात मधमाशीचीही गोष्ट येते. स्ट्रॉबेरीच्या फळावर जे बारीक दाणे दिसतात, त्यांतल्या प्रत्येकाचे परागीभवन व्हावे लागते. ज्या बाजूचे झाले नाही ती बाजू फुगत नाही आणि फळ वेडेवाकडे होते. चवीला ते वाईट नसते, पण पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्यात, बसत नाही. ते प्रक्रियेच्या मालात जाते, म्हणजे जॅम आणि क्रशच्या भावात. ढगाळ, गार, ओल्या दिवसांत सातेरी मधमाशी पेटीबाहेर पडत नाही. खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे, मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, त्यामुळे माशी आणि स्ट्रॉबेरी यांचे नाते इथे कुणाला समजावून द्यावे लागत नाही. तरीही ढगाळ चार दिवसांनी किती फळांचा आकार बिघडवला, हे आजवर कुठल्याही विम्याच्या निकषात मी पाहिलेले नाही.

आणि उष्णता? तिच्याबद्दल थोडक्यात. आमच्याकडच्या बहुतेक जातींना फूल धरायला लहान दिवस आणि गार रात्री लागतात. डिसेंबरच्या रात्री उबदार राहिल्या की झाड फुलाऐवजी पाने आणि रनर काढत बसते. मार्चमध्ये पारा तिशीच्या पुढे गेला की फळ लहान, मऊ आणि घाईने पिकलेले. रात्रीचा उकाडा साखर खातो. वर लाल कोळी ही कीड. हे सगळे हळूहळू होते म्हणून त्याची बातमी होत नाही.

आता आपल्याला थोडे दूर नेतो, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात. कारण असे की आमच्या वावरातल्या 'स्वीट चार्ली' आणि 'विंटर डॉन' या जाती फ्लोरिडा विद्यापीठाच्या. पहिली १९९२ ची, दुसरी २००५ ची. तिथली प्लँट सिटी आणि डोव्हर ही गावे म्हणजे आमच्या भिलार-मेटगुताडसारखी त्यांची स्ट्रॉबेरीची गावे. तिथेही लागण ऑक्टोबरच्या आसपास आणि तोडणी हिवाळ्यात. फरक एवढाच की तिथली जमीन सपाट आणि रेताड, आमची डोंगराळ आणि लाल.

जानेवारी २०१० मध्ये तिथे सलग अकरा दिवस थंडीची लाट राहिली. फुले वाचवायला तिथले शेतकरी तुषार सिंचन चालू करतात. ऐकायला विचित्र वाटते, पण त्यामागचा हिशेब पक्का आहे : एक ग्रॅम पाणी गोठताना ऐंशी कॅलरी उष्णता सोडते, आणि फुलावर पाणी सतत गोठत राहिले तर आतले फूल शून्याच्या आसपासच राहते, त्याखाली जात नाही. अट अशी की बर्फ वितळेपर्यंत पाणी बंद करायचे नाही. आणि वारा नको, कारण तेवढेच पाणी गोठण्याऐवजी वाफ होऊन गेले तर ते सातपट उष्णता ओढून घेते. मग वाचवायला निघालेला माणूसच फूल मारतो. त्या अकरा दिवसांत सगळ्यांनी एकाच वेळी पंप चालवले. भूजलाची पातळी साठ फूट खाली गेली. साडेसातशेच्या आसपास घरगुती विहिरी कोरड्या पडल्या किंवा बिघडल्या आणि १४० हून अधिक ठिकाणी जमीन खचून विवरे पडली. घरे आणि रस्ते त्यात गेले. स्ट्रॉबेरी बऱ्याच अंशी वाचली, पण बहर मागे पडला, आणि मार्चमध्ये उबारा येताच सगळी फळे एकदम पिकली. तोवर कॅलिफोर्नियाचा माल बाजारात आला होता. भाव कोसळले आणि थंडीतून वाचवलेली फळे शेतकऱ्यांनी वावरातच सोडून दिली.

हे वाचून आमच्याकडे तुषार सिंचन द्या असे मी म्हणणार नाही. डोंगरावर पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी मार्चनंतर आम्हाला टँकरने आणावे लागते. एका रात्रीच्या थंडीसाठी ते उडवणे परवडणारे नाही आणि योग्यही नाही. आम्ही रात्री वाफ्यांवर कापड किंवा शेडनेट टाकतो, पहाटे काढतो. त्याला मजूर लागतात, आणि कोणत्या रात्री टाकायचे हे आधी कळावे लागते. कळत नाही, ही अडचण आहे. थंडी पडणार असे वाटून सलग चार रात्री कापड टाकले आणि पाचव्या रात्री कंटाळून टाकले नाही, तर पाचव्या रात्रीच हिमकण पडतात, असा इथल्या माणसांचा अनुभव आहे. अंधश्रद्धा म्हणा हवे तर.

फ्लोरिडाकडून घ्यायची गोष्ट दुसरी. तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठाने शेतीसाठी स्वतःचे स्वयंचलित हवामान केंद्रांचे जाळे उभे केले. त्या केंद्रांत तापमान तीन उंचींवर मोजतात : साठ सेंटिमीटर, दोन मीटर आणि दहा मीटर. खालचा आकडा पिकाच्या जवळचा, मधला जगभरच्या पद्धतीचा, आणि वरचा आकडा वरती उबदार हवेचा थर आहे की नाही ते सांगणारा. असेल तर मोठ्या पंख्याने ती हवा खाली ओढता येते. शेतकऱ्याला रात्री फोनवर तिन्ही आकडे दिसतात. पुढे याच विद्यापीठाने स्ट्रॉबेरीसाठी रोगसूचनेची पद्धत बसवली. पान किती तास ओले राहिले आणि तेव्हा तापमान किती होते, या दोन नोंदींवरून करपा आणि राखाडी बुरशीचा धोका काढायचा आणि शेतकऱ्याला कळवायचे : आज फवारा, किंवा आज फवारू नका. दुसरा निरोप पहिल्याइतकाच मोलाचा, कारण त्याने तिथल्या फवारण्या निम्म्यापर्यंत कमी करता आल्या.

आमच्याकडे फवारणी कशी होते ते आपल्याला माहीत आहे. ढग दिसले की फवारा. शेजाऱ्याने फवारले म्हणून फवारा. कृषी सेवा केंद्रवाल्याने बाटली पुढे केली म्हणून फवारा. यात शेतकऱ्याची चूक नाही असे मी म्हणत नाही, पण दुसरे काही हाती नसताना माणूस भीतीवर चालतो. स्ट्रॉबेरी सोलून खात नाहीत. तोडून, तशीच, वावराच्या कडेला उभी राहून लहान मुले खातात. तेव्हा पान ओले राहण्याचे तास मोजणे हा विम्याइतकाच ग्राहकाच्या पोटाचाही प्रश्न आहे.

स्ट्रॉबेरीच्या बाकीच्या प्रदेशांतही हवामानाने गाठले नाही असे कुणी नाही, फक्त प्रत्येकाला वेगळ्या दारातून गाठले. अमेरिकेतली सुमारे ९० टक्के स्ट्रॉबेरी पिकवणारा कॅलिफोर्निया समुद्राच्या गार वाऱ्यावर आणि धुक्यावर जगतो. मार्च २०२३ मध्ये पाहारो नदीचा बांध फुटला आणि वॉटसनव्हिलजवळची हजारो एकर लागण पाण्याखाली गेली. पुराचे पाणी लागलेले फळ तिथे विकताच येत नाही, त्यामुळे उरलेल्या मालाचाही प्रश्न मिटला. स्पेनचा उएल्वा भाग प्लास्टिकच्या बोगद्यांखाली पिकवतो, पाऊस-गारांची भीती कमी. पण तिथे पाणीच कमी पडू लागले, आणि शेजारच्या दोन्याना या पाणथळ अभयारण्याखालचे भूजल उपसल्याबद्दल युरोपच्या न्यायालयाने २०२१ मध्ये स्पेनविरुद्ध निकाल दिला. आपल्या देशात हिसार, बिहारमधले औरंगाबाद, झाशी इथे स्ट्रॉबेरी होऊ लागली आहे. मैदानातली ही लागण थंडीवर बेतलेली; मार्च तापला की तिचा खेळ संपतो. आपल्याच राज्यात सुरगाण्याकडे सापुताऱ्याच्या रस्त्यावर आणि मेळघाटात चिखलदऱ्याला ती विकायला दिसते. या सगळ्यांना एकच निकष लावता येणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ समिती नको.

आता विम्याकडे येतो. पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत आंबिया बहारात स्ट्रॉबेरीचा समावेश आहे, याबद्दल शासनाचे आभार. इतर अनेक राज्यांत हे पीक यादीतही नाही. आमचा हप्त्याचा वाटा विमा रकमेच्या पाच टक्क्यांपासून सुरू होतो. या योजनेचे तत्त्वही मला मान्य आहे : पंचनाम्याच्या चकरा नकोत, ओळखीपाळखी नकोत, केंद्रावर ठरलेला आकडा आला की भरपाई खात्यात. तत्त्व चांगले असल्यामुळेच त्यातली फट जास्त खुपते. सगळे त्या आकड्यावर टांगलेले आहे, आणि आकडा येतो महसूल मंडळातल्या एका संदर्भ केंद्रावरून. महावेध प्रकल्पाने राज्यभर अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी केली. ती नसती तर आज यातले काहीच बोलता आले नसते, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण महसूल मंडळ ही तलाठी-सर्कलच्या कामाच्या सोयीने आखलेली हद्द आहे. थंड हवा सातबारा बघून वाहत नाही. मंडळातले केंद्र पठारावर असेल आणि माझे वावर ओढ्याकाठी, तर माझी फुले काळी पडतात आणि केंद्राचा आकडा निकषाच्या वर राहतो. विमा कंपनीचे उत्तर ठरलेले असते : आपल्या मंडळात निकष पूर्ण झालेला नाही. त्यात खोटे काही नसते, म्हणून भांडताही येत नाही. उलटही घडते, हे लपवत नाही. केंद्र खोलगटात असले तर वरच्या अंगाच्या ज्या शेतकऱ्याचे एक फूलही गेले नाही त्याला पैसे मिळतात. तो काही परत करायला जात नाही.

केंद्र शासनाची 'विंड्स' ही योजना आता हवामानाचे जाळे दाट करायला निघाली आहे. तालुका पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक असा तिचा आराखडा आहे. भातासाठी, सोयाबीनसाठी गावागावांत पर्जन्यमापक येणे फार चांगले. स्ट्रॉबेरीसाठी मात्र तो अपुरा पडेल, आणि का ते वर सांगितले. आमच्या गावात पावसाचे मिलिमीटर कळतील, पण पान किती तास ओले होते आणि पहाटे वाफ्यावर किती अंश होते हे कळणार नाही. यंत्रे बसवायची ठरलीच आहेत, खड्डे खणले जाणार आहेत, खांब उभे राहणार आहेत, तर त्याच खांबावर खाली, जमिनीपासून दोन फुटांवर, आणखी एक तापमापक लावा. शेजारी पान ओले आहे की सुके हे सांगणारा संवेदक लावा. अशी यंत्रे नाशिकचे द्राक्षबागायतदार भुरी आणि डाउनी या रोगांसाठी आपल्या खर्चाने वापरू लागले आहेत. त्यात परग्रहावरचे काही नाही.

जागा निवडताना नकाशावर महसूल मंडळांऐवजी उंचीच्या रेषा बघा. भिलार, कासवंड, मेटगुताड, गुरेघर, खिंगर, राजपुरी, आणि घाटाखाली वाईची रोपवाटिकांची गावे. पठारावर काही आणि खोलगटात काही. कोणत्या वावरात दव आधी गोठते हे प्रत्येक गावातल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. केंद्र कुठे लावायचे हे ठरवायला त्यांना एकदा बोलवा. चहापाण्याशिवाय खर्च नाही.

याला दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला, दोन फुटांवरच्या यंत्रात गडबड करणे सोपे. कुणीतरी रात्री बर्फाचा तुकडा ठेवील. म्हणून तर वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे हवेत, शेजारच्या केंद्रांशी ताळा हवा. एकट्याच केंद्रात वेडा आकडा आला तर तो बाजूला काढता येतो. दुसरा आक्षेप कंपन्यांचा : नुकसान जास्त वेळा सिद्ध होईल, हप्ते वाढतील. वाढू देत थोडे. ज्या विम्यातून गरजेच्या वर्षी पैसे मिळत नाहीत तो स्वस्त असूनही महागच, आणि आज अनेक जण विमा काढतच नाहीत त्याचे कारण हेच आहे. शिवाय त्याच आकड्यांवरून फवारणी आणि कापड टाकण्याची सूचना वेळेवर मिळाली तर नुकसानच कमी होईल, हा हिशेब कंपन्यांनीही करून बघावा.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाला आणि पुण्याच्या हवामान खात्याला एकत्र बसवून तीन हंगामांच्या नोंदी घ्या. केंद्रावरचे आकडे, वाफ्यावरचे आकडे आणि प्रत्यक्ष तोडणीचे किलो, हे तिन्ही एका तक्त्यात आले की नवा निकष आपोआप समोर येईल. तोडणीच्या नोंदी आम्ही देऊ. आमच्याकडे वह्या आहेत. रोज किती ट्रे, किती पनेटचा माल, किती प्रक्रियेचा, किती टाकून दिला. त्या वह्यांसाठी आजवर कोणी आमच्याकडे आलेले नाही.

पुढच्या आंबिया बहाराची अधिसूचना निघण्यापूर्वी आपण एवढे करावे ही विनंती : स्ट्रॉबेरीच्या निकषांत ओलाव्याचे तास आणि वाफ्याच्या उंचीवरचे किमान तापमान घ्या, आणि ते मोजणारी निदान दहा केंद्रे सप्टेंबरची लागण सुरू होण्याआधी महाबळेश्वर, जावळी आणि वाई या तालुक्यांत उभी करा. जागा आम्ही देऊ, राखणही आम्ही करू.

कळावे,

आपला,
एक स्ट्रॉबेरी उत्पादक,
ता. महाबळेश्वर, जि. सातारा